पर्णहीन झाडाची ओळख

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशांत मोडतात. सुप्याजवळचें मयूरेश्वर अभयारण्य किंवा कडबनवाडीचा माळ पाहतांना हिवर, बोर, तरवड हीं ओळखीचीं झाडें चटकन् भेटतात. परंतु एखाद्या कांटेरी झुडपाच्या सांवलींत बोटाएवढ्या जाडीचीं, हिरवीं, चौधारी आणि पानें नसलेलीं कांडें उभीं दिसलीं, म्हणजे शहरांतला पाहुणा थबकतो. पानांवरून झाड ओळखण्याची त्याची संवय येथें निरुपयोगी ठरते.

अशा वेळीं प्रथम कांडाचा आकार पाहावा. कुंपणाला लावतात तो शेरही बहुधा पर्णहीनच असतो. परंतु त्याच्या फांद्या वाटोळ्या असतात, आणि त्या मोडतांच पांढरा चीक वाहूं लागतो. हा चीक डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह होऊन दृष्टीलाही अपाय पोंचतो. म्हणूनच अनोळखी फांदी मोडून पाहण्याची घाई करूं नये.

दुसरी शंका कांडवेलीची. तिचें कांड चौधारी खरें, पण तें सांध्यासांध्याशीं आवळलेलें असतें. सांध्यांवर तणावे फुटतात आणि त्यांच्या आधारानें ती झाडावर चढते. ही वेल द्राक्षाच्या कुळांतली.

सांधे नाहींत, तणावे नाहींत आणि कांड आधारावांचून उभें आहे, तर ती माकडशिंगी असण्याचा संभव अधिक. निर्णय मात्र फूल व फळ पाहूनच करावा. शेंड्याकडे पांच पाकळ्यांचीं लहान, जांभळट फुलें येतात. पुढें बारीक शेंगांची जोडी शिंगांप्रमाणें उभी राहते, आणि रेशमी झुबक्याचीं बीजें वाऱ्यावर उडतात. जोडशेंग आणि रेशमी बीज ही रुईच्या कुळाची खूण होय. माकडशिंगीचा रस मात्र रुईच्या चिकासारखा पांढरा नसून पाण्यासारखा असतो.

माकडशिंगीच्या कोंवळ्या कांडांची भाजी करतात. तरी ओळख पटण्यापूर्वीं चव घेणें धोक्याचें. कांड, फूल व फळ यांचीं छायाचित्रें, जागा आणि तारीख एवढी नोंद पुरते; झाड उपटण्याचें कारण नाहीं, आणि अभयारण्यांत तर तसें करण्यास मनाईच आहे. पुढील पडताळ्यास १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध झालेला थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवरचा इंग्रजी ग्रंथ अजूनही उपयोगीं पडतो. पुण्यांत भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेचें केंद्र १९५५ सालीं स्थापन झालें. तेथें वाळविलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. नांव कळण्यास विलंब लागला तरी चालेल; चुकीचें नांव मात्र कधीं कधीं डोळ्यांवर बेततें.