नळी तीच, बैठक नवी
स्वस्त परावर्तक दुर्बिणीतील प्रतिमा थरथरते, तेव्हा दोष बहुधा आरशाचा नसून डुगडुगत्या तिपाईचा असतो. म्हणून नळीची दोन्ही कडी आणि त्यांखालची तिरक्या कडांची पट्टी, म्हणजेच डव्हटेल, तिपाईपासून सोडवून तीच नळी जॉन डॉब्सन यांनी अमेरिकेत लोकप्रिय केलेल्या लाकडी पेटीवजा बैठकीवर बसवणे हा उत्तम उपाय ठरतो. कडी मात्र टाकून देऊ नयेत: त्यांच्या दोन्ही बाजूंना गोल चकत्या जोडल्या की त्या पेटीतील टेफ्लॉनच्या तुकड्यांवर अलगद फिरतात, आणि कडी किंचित सैल करून नळी पुढेमागे सरकवली की तोलही साधतो. डव्हटेल थेट नळीलाच जोडलेली असल्यास स्क्रू काढताना नळी आडवी धरावी, कारण आत सुटलेली चाकी आरशावर पडली तर त्याच्या पातळ लेपावर कायमचा ओरखडा उमटतो.