सड्यावरचा टोड आणि गावकुसाबाहेरचा कोल्हा

मृगाचा पहिला पाऊस पडला, की आंबोलीच्या कातळसड्यावरच्या खळग्यांत पाणी साचतं. पसाभर पाण्याची ती डबकी! पण आंबोली टोडची वीण तिथेच होते. अंगठ्याएवढं हे भेक. अंग तपकिरी, कुशीवर पिवळेजर्द पट्टे. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं 2009 मध्ये. त्याचं जग आंबोलीच्या परिसरापुरतंच, म्हणून आययूसीएनच्या यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे.

कोल्ह्याचं तसं नाही.

आग्नेय युरोपपासून आग्नेय आशियापर्यंत सोनेरी कोल्हा पसरलेला. उंदीर, खेकडे, बोरं, ऊस, मेलेलं जनावर, काहीही त्याला चालतं. मुंबईच्या खारफुटीतही त्याची कोल्हेकुई ऐकू येते. एक माळ गेला, तर तो रातोरात दुसरा गाठतो.

टोड कुठे जाणार? पाऊस लांबला, की डबकं आटतं आणि पिल्लं तिथेच वाळतात. सड्यावर हौसेनं घातलेल्या गाडीचं एक चाक डबक्यातून गेलं, तरी त्यातली सारी पिल्लं संपतात. वाघासाठी आपण जंगल राखतो. या जिवाला हवाय फक्त उघडा कातळ, जो सरकारी नोंदीत बहुधा ‘पडीक’ म्हणून लागतो.