काउंटरपलीकडची नदी

दिल्लीच्या करोल बागेत आठवड्याची सुट्टी सोमवारी असते. अजमल खां रोडवरचे कपडेवाले, बीडनपुऱ्यातले सराफ, नाईवाल्यातले मोटारींच्या सुट्या भागांचे व्यापारी, गफ्फार मार्केटातले मोबाईलवाले, सगळ्यांची शटरं त्या दिवशी खाली. अशा बाजारात गळ, रीळ, दोरी विकून पोट भरणाऱ्याला याहून सोयीचा वार सापडायचा नाही. रविवारी गिऱ्हाईक पाण्यावर गेलेलं असतं आणि हा काउंटरवर उभा असतो. सोमवारी काठ मोकळा होतो, कालची गर्दी पांगलेली असते, बिथरलेले मासे शांत झालेले असतात. मग विकणारा स्वतः निघतो. या धंद्यात नुसतं विकून भागत नाही. परवा जे गिऱ्हाइकाच्या हातात ठेवलं ते पाण्यात कसं वागतं, हे आपल्या हातानं पाहिलेलं असावं लागतं.

अशा दुकानात आत शिरलात की किमतीच्या आधी प्रश्न येतो, ‘कौन से पानी पे जा रहे हो, भाईसाब?’ तळं की नदी, वाहतं की थोपलेलं, तळाशी चिखल की धोंडे, मासा रोहू की महाशीर की हिमाचलातला ट्राउट? चांगला विक्रेता उत्तर ऐकता ऐकताच खणांकडे हात नेतो. त्याच्या या पाच-सात प्रश्नांत किती शतकांचं शहाणपण दडलंय, याचा विचार करायला लागलं की मन थक्क होतं.

गळापासूनच सुरुवात करू. नवख्या माणसाला गळाचे आकडे उलटे वाटतात. दहा नंबरचा गळ सहापेक्षा लहान, सहाचा दोनपेक्षा लहान. एकपर्यंत आलं की पुढं शून्याची जोड लागते आणि आकडे सरळ वाढू लागतात. बारा नंबरचा गळ करंगळीच्या नखावर मावतो, तर पाच-शून्यचा भल्या मोठ्या माशाच्या जबड्यात बसतो. काउंटरवरचा मुलगा डबी न उघडता, पाठीवरचा आकडा न वाचता नेमका गळ काढून देतो.

आणि ही वस्तू किती जुनी! जपानमधल्या ओकिनावा बेटावर साकितारी गुहेत शंखापासून घासून केलेले गळ मिळाले, ते सुमारे तेवीस हजार वर्षांपूर्वीचे. आपल्याकडे सिंधू संस्कृतीच्या लोकांनी तांब्या-काशाचे गळ केले. त्यांतल्या काहींना टोकाशी उलटा काटा आहे आणि दोरी बांधायला वरचा भाग वळवून केलेलं कडंही आहे. आज प्लास्टिकच्या पाकिटात लटकणारा गळ त्याच आकाराचा असतो. मधल्या साडेचार हजार वर्षांत माणसानं पोलाद शोधलं, आणि नॉर्वेतल्या मुस्टाद कारखान्यानं १८७७ साली गळ बनवायचं यंत्र चालू केलं. आकार मात्र कुणाला सुधारावा लागला नाही.

दोरीची कथा याच्या नेमकी उलट आहे. तिथं एकामागून एक क्रांती झाली. एकेकाळी घोड्याच्या शेपटीचे केस वळून दोरी करत. मग रेशीम आलं. त्याच्याही टोकाला, गळाच्या जवळ, एक विलक्षण धागा लावत. कोश विणायच्या बेतात असलेला रेशमाचा किडा शिरक्यात भिजवायचा, त्याच्या पोटातल्या रेशीमग्रंथी काढायच्या आणि हातानं ताणून त्यांची पारदर्शक तार करायची. स्पेनमधला मुर्सिया प्रांत या उद्योगासाठी जगात नावाजलेला होता. म्हणजे किडा ज्यातून शेकडो मीटर तलम धागा काढणार होता, ते सगळं रेशीम माणूस एका हातभर जाड तंतूत ताणून घेत असे.

१९३८ साली ड्यूपाँट कंपनीनं नायलॉन जाहीर केलं. आधी त्याचे टूथब्रशचे केस निघाले आणि लवकरच मासेमारीची दोरी. कोकणात ज्याला आपण तंगूस म्हणतो तो हाच. आज दुकानात तीन वेगळ्या जातींच्या दोऱ्या शेजारी शेजारी टांगलेल्या दिसतात, आणि गिऱ्हाइकाला कुठली द्यायची हे ठरवण्यात विक्रेत्याचा कस लागतो. नायलॉन थोडं पाणी पितं, थोडं ताणतं, त्यामुळं माशाचा हिसका सोसून घेतं. फ्लुरोकार्बन पाण्याच्या पावणेदोनपट जड, म्हणून बुडतं. शिवाय प्रकाश वाकवण्याचा त्याचा गुण नायलॉनपेक्षा पाण्याच्या जवळचा, म्हणून पाण्यात ते कमी उठून दिसतं. तिसरी वेणीसारखी विणलेली दोरी, जिला सगळे ‘ब्रेड’ म्हणतात. ती पॉलिथिनची असते. भाजीवाल्याच्या पातळ पिशवीचं असतं तेच पॉलिथिन! फरक एवढाच की इथं त्याच्या रेणूंच्या साखळ्या प्रचंड लांब असतात आणि सगळ्या एकाच दिशेला ओढून सरळ केलेल्या असतात. तेवढ्यानं तो पदार्थ इतका चिवट होतो की त्याच जातीचे धागे बंदुकीची गोळी अडवणाऱ्या जाकिटांत घालतात, आणि तरी तो पाण्यापेक्षा हलका, तरंगणारा. दोन रेणू एकाच घराण्यातले. एकाची पिशवी बोटानं फाटते, दुसऱ्याची दोरी बोट कापते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी वेळ मी ते रीळ नुसतं हातात धरून बसलो होतो.

पण नुसती दोरी विकून काम संपत नाही. ती रिळावर भरून द्यायची असते, आणि त्यात बराच वेळ जातो. ब्रेड गुळगुळीत असते, धातूच्या रिळावर सगळीच्या सगळी गरगर फिरते. म्हणून आधी नायलॉनचे काही वेढे द्यायचे. दोरी बोटांच्या चिमटीतून ताणात सोडायची, नाहीतर मोठा मासा लागला की वरचा पदर खालच्या सैल पदरांत रुततो. रिळाच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर जागा ठेवायची. कमी भरली तर गळ लांब जात नाही, जास्त भरली तर फेकताना गुंताळाच सुटतो. गाठ मारताना ती ओली करून घ्यायची, साधी जिभेवर. कोरडी गाठ आवळली की घासून इतकी तापते की नायलॉन तिथल्या तिथं कमजोर होतं, आणि दोरी तुटते ती बहुतेक वेळा त्या गाठीशीच. मग रिळाचा ब्रेक लावायचा. दोरीची जेवढी ताकद तिच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर ती सुटू लागली पाहिजे. याचमुळं पाच किलोच्या दोरीवर दहा किलोचा मासा येऊ शकतो. दोरी त्याला उचलत नाही, पळू देते, दमवते.

गिऱ्हाइकाला दिलेले काही सल्ले विचित्र वाटतात, पण त्यांच्यामागं माशाच्या शरीराची रचना आहे. ‘काठावर पाय आपटत चालू नका,’ असं सांगतात. रोहू, कटला, महाशीर, शिंगाळा या सगळ्यांच्या अंगात हवेची पिशवी असते आणि चिमुकल्या हाडांची एक साखळी त्या पिशवीपासून कानापर्यंत गेलेली असते. अर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञानं १८२० साली तिचं वर्णन केलं. पिशवी थरथरली की हाडं ती थरथर कानात पोचवतात, त्यामुळं या माशांना इतर बऱ्याच माशांपेक्षा कितीतरी चांगलं ऐकू येतं. ‘खाली बसा, भडक शर्ट नको,’ हाही तसाच सल्ला. पाण्यातून वर पाहताना माशाला काठावरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. सत्त्याण्णव अंशांच्या त्या शंकूत आभाळ, झाडं, माणसं सगळी दाटलेली असतात. उभा माणूस त्या खिडकीत येतो, तर काठापासून जरा मागं सरकून बसलेला तिच्या अगदी कडेला, चेपलेल्या पट्टीत जाऊन पडतो. हे प्रकाशाचं गणित शाळेत न शिकलेला विक्रेताही ते अनुभवानं बिनचूक सांगतो.

याहून मोठं नवल आपल्या घरातलं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचा. त्यानं ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, हा जुना उल्लेख त्यातलाच, म्हणून मराठी अभ्यासकांना हा ग्रंथ जिव्हाळ्याचा. त्याच ग्रंथात मत्स्यविनोद नावाचं एक प्रकरण आहे, आणि ते सबंध गळ टाकून मासे धरण्यावर आहे! समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे असे कितीतरी मासे राजानं नावानिशी नोंदलेत. कुणाला कुठलं आमिष चालतं, पाण्यात आधी चारा टाकून मासे एका जागी कसे खिळवायचे, पिठाचे गोळे कशाचे करायचे, काठी कसली, दोरी कशाची, हे सगळं त्यात आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर सविस्तर लिहिलं, तेव्हा विद्वानांचं लक्ष या प्रकरणाकडं गेलं.

दिल्लीच्या काउंटरवर आजही तळ्यातल्या रोहूसाठी बेसन भाजून, सत्तू मिसळून, त्यात खलीची पूड, मेथी घालून गोळा कसा करायचा हे सांगितलं जातं. तो पाण्यात किती वेळात सुटायला हवा, यावर दोन विक्रेत्यांचं कधी एकमत होत नाही. आपापली कृती दोघंही जिवापाड जपतात. नऊशे वर्षांपूर्वी एका राजानं जो मजकूर ग्रंथात घालण्याच्या योग्यतेचा मानला, तो मजकूर आज महिन्याच्या पगारावर काम करणारी माणसं तोंडी, फुकट वाटतात. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

दिल्लीकरांचं पाणी मात्र लांब गेलं आहे. आग्रा कालव्यासाठी १८७४ साली ओखल्याला यमुनेवर बंधारा झाला, आणि इंग्रजी अमदानीत तिथं खाली उसळत्या पाण्यात महाशीर धरायला लोक जात. आज वजिराबादच्या खाली यमुनेत नजफगढचा नाला मिसळतो, आणि महाशीरला लागतं तसं गार, खळाळतं, प्राणवायूनं भरलेलं पाणी तिथं उरलेलं नाही. म्हणून महाशीरवाला आता रामगंगेकडं, गंगेला मिळणाऱ्या नयार नदीकडं किंवा नेपाळच्या सीमेवर पंचेश्वरला जातो. ट्राउटवाला हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात. परवाना कुठं मिळतो, कुठं धरून सोडण्याचीच अट आहे, हेही काउंटरवरच विचारलं जातं.

महाशीरच्या गिऱ्हाइकाला विक्रेता सगळ्यात जाड तारेचा गळ देतो, त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. या माशाच्या जबड्यात एकही दात नसतो. त्याचे दात घशात असतात, आणि गोगलगायी, खेकडे, शिंपले तो तिथं चिरडतो. तोंडाची पकडही अशी की बारीक गळ चपटा होऊन बाहेर येतो. इंग्रज शिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातच याच्या तक्रारी लिहून ठेवल्या. जिम कॉर्बेटनं नरभक्षक वाघांच्या आपल्या पुस्तकात मध्येच एक अख्खं प्रकरण या माशाला दिलं, यावरून त्याच्या वेडाची कल्पना यावी.

पावसाळ्यात मासे अंडी घालतात. हिमाचलच्या जलाशयांवर तेव्हा दोन महिने मासेमारी बंद असते. गिऱ्हाईक रोडावतं, आणि दुकानात हाताचं काम सुरू होतं. रिळं उघडून वाळू काढायची, नवं ग्रीस भरायचं, मोटारीच्या दारात सापडून तुटलेलं काठीचं टोक बदलायचं, दोरी ओवायच्या कड्या रेशमासारख्या धाग्यानं वेढे देऊन बांधायच्या आणि वर लुकण चढवायचं. याच करोल बागेत सांगलीच्या खानापूर-आटपाडीकडची गलाई करणारी मराठी कुटुंबं आहेत. मुशीतल्या सोन्याचा रंग पाहून त्यांना त्याची शुद्धता कळते. इथला जुना कारागीर तसाच दोरीवरून नख फिरवतो आणि ती कुठं खडकाला घासली आहे ते सांगतो. काठी कार्बनची असेल तर निघताना आठवणीनं बजावतो की विजेच्या तारेखाली उभी धरू नका, तिच्यातून वीज वाहते.

या जाणत्या माणसांचं विज्ञानावर ऋण आहे, आणि त्याचा एक धागा थेट पुण्यात पोचतो. मुंबई सरकारच्या सेवेतला कर्नल विल्यम साइक्स दख्खनचे मासे गोळा करत होता. मुळा-मुठेतल्या महाशीरला त्यानं १८३९ साली शास्त्रीय नाव दिलं, ‘खुद्री’. काठावरच्या लोकांकडून ऐकलेली कितीतरी नावं त्यानं तशीच लॅटिन साच्यात बसवली. पुढं हा निळ्या परांचा मासा धरणांमुळं कमी होऊ लागला, तेव्हा टाटा कंपनीनं लोणावळ्याला वळवण तलावापाशी त्याची पैदास सुरू केली. तिथली पिल्लं देशभरच्या पाण्यात सोडली गेली, कावेरीतही. हेतू निखळ चांगला होता.

कावेरीत पाठीवर कुबड असलेला एक दुसराच महाशीर राहत होता. १९४६ साली काबिनी नदीवर म्हैसूरच्या व्हॅन इंगेननं गळाला लावलेला एकशे वीस पौंडांचा प्रसिद्ध मासा त्याच जातीचा. त्याची संख्या घसरते आहे हे कळलं ते हौशी गळवाल्यांच्या नोंदींवरून. कावेरीकाठच्या गलिबोरे छावणीत १९९८ ते २०१२ या काळात कुणी कोणता मासा धरला, केवढा होता आणि सोडला, याच्या वह्या भरलेल्या होत्या. संशोधकांनी त्या चाळल्या. निळ्या परांचा महाशीर पानोपानी वाढत गेलेला आणि कुबडवाला जवळजवळ नाहीसा झालेला त्यांना दिसला. तोपर्यंत त्या माशाची शास्त्रीय ओळखही पक्की नव्हती. २०१८ साली ती पटली, ‘टॉर रेमादेवी’, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला.

तेव्हापासून महाशीरच्या पाण्यावर निघालेल्याला जाणता विक्रेता चार गोष्टी आवर्जून सांगू लागला आहे. उलटा काटा नसलेला गळ घ्या, म्हणजे तो अलगद निघेल. हात ओले करून मासा धरा, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघू देऊ नका. पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नका. आणि सोडण्याआधी एक फोटो काढा, परांचा रंग आणि पाठीचा बाक दिसेल असा, बाजूनं.