अस्थींचे दप्तर

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावच्या शिवारातील पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाने हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या देखरेखीखाली १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन चालविले, तेव्हा महाराष्ट्राच्या आद्य शेतकऱ्यांची घरे, चुली व धान्याची पेवे यांबरोबरच त्या घरांच्या जमिनीखाली पुरलेली त्यांची माणसेही प्रकाशात आली. दोनशेहून अधिक दफनांपैकी बहुतेक बालकांची होती, आणि ती दोन रुंद तोंडाच्या रांजणांची तोंडे एकमेकांस भिडवून, राहत्या घरात किंवा अंगणात, आडवी ठेवलेली होती. प्रौढांना मात्र उताणे निजवून, त्यांचे पाय घोट्यापासून तोडून पुरलेले आढळले, आणि मृताने परतून येऊ नये अशी त्यामागची भावना असावी, असा तर्क केला जातो.

या अस्थींची रुजुवात करण्याचे काम पुण्यात जॉन लुकाच व सुभाष वाळिंबे यांनी हाती घेतले. ज्या डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांनी गुजरातेतील लांघणज येथील शिकारी मानवाच्या सांगाड्यांचा अभ्यास केला होता, त्याच संस्थेत जव, गहू आणि कडधान्ये पिकविणाऱ्या समाजाची अशी तपासणी व्हावी, हा योग मला फार मोलाचा वाटतो.

शरीराचे सर्वांत विश्वसनीय दप्तर म्हणजे दात होत. हाड आयुष्यभर झिजते आणि नव्याने घडते, त्यामुळे जुन्या दुखण्याची खूण त्यातून पुसली जाऊ शकते. परंतु दाताचे कवच थराथराने एकदाच घडते, आणि तो थर रचला जात असता उपासमार, ज्वर किंवा अतिसार यांनी बालकास गाठले, तर कवच घडविणाऱ्या पेशींचे काम मंदावून तेथे जी खाच अथवा खळगा राहतो, तो पुढे कधीही भरून निघत नाही. दुधाच्या दातांची घडण तर गर्भातच सुरू होते. म्हणून तान्ह्या मुलाच्या सुळ्यावरील खळग्यात मातेच्या आहाराचाही दाखला असू शकतो. शिवाय धान्याचे पिठूळ अन्न दातांच्या फटींत साचून जंतूंना पोसते, आणि शेतीबरोबर दंतकिडीची व्याधी वाढलेली जगातील अनेक प्राचीन वसाहतींत दिसून येते.

तथापि या पुराव्यावर तडकाफडकी निकाल देणे धोक्याचे आहे. पांढरीत सापडलेली मुले ही मेलेली मुले होत. जी वाचली, वाढली, शेतात राबली, त्यांचे बाळपण या रांजणांत नाही. खाच पडलेला दात हा आजाराचा जसा, तसाच त्या आजारातून तगल्याचाही पुरावा आहे. कारण जे मूल पहिल्याच तडाख्याने गेले, त्याच्या दातावर रेघ उमटावयास अवधीच मिळाला नाही.

या सावधगिरीची खरी कसोटी उत्तर जोर्वे काळात, म्हणजे इनामगावच्या वस्तीच्या अखेरच्या टप्प्यात, लागते. इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास नेवासे व दायमाबाद ही तत्कालीन गावे ओस पडली, इनामगाव मात्र इसवी सनपूर्व ७०० पर्यंत टिकले. चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, शेती खालावली, आणि ढवळीकरांनी त्याचे कारण वाढत्या अवर्षणात शोधले. पुढे अस्थींच्या अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील बालकांची वये दातांच्या वाढीवरून निश्चित करून त्यांच्या लांब हाडांशी ताडून पाहिली, तेव्हा उत्तरकालीन मुले वयाच्या मानाने खुरटलेली व कृश आढळली, आणि जन्म पुष्कळ होत असूनही बालमृत्यूही तितकेच मोठे असल्याची चिन्हे दिसली. केवळ अवर्षणाचे कारण मात्र त्यांना पुरेसे वाटले नाही. मला त्यांची ही शंका रास्त वाटते, कारण पाऊस किती पडला हे अस्थी सांगू शकत नाहीत. पिकलेल्या धान्यातून लेकराच्या वाट्याला किती आले, आणि एकामागून एक बाळंतपणे सोसणाऱ्या मातेच्या अंगी किती बळ उरले, एवढेच त्या सांगतात, आणि शेतीच्या इतिहासात पेवांच्या मापाइतकेच ते माप नोंदले गेले पाहिजे.