माळवदाचे घर

दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब-तुळया आणि मातीचे सपाट छप्पर असलेल्या मराठवाड्यातील पारंपरिक घरास माळवदाचे घर म्हणतात. माळवद हे मुळात त्या सपाट छपराचे नाव होय. त्यालाच धाबे असाही शब्द आहे. लातूर, नांदेड, धाराशिव व बीड या जिल्ह्यांत आणि लगतच्या सोलापूर भागात ही घरे आढळतात. कोकणातील मुसळधार पावसात असे छप्पर टिकणार नाही. मराठवाड्यात पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक असल्याने ते सोयीचे ठरले. ३० सप्टेंबर १९९३ रोजीच्या किल्लारी भूकंपात या घरांमुळे फार मोठी प्राणहानी झाली आणि त्यानंतर ती बांधण्याची प्रथा झपाट्याने मागे पडली.

रचना

भिंतींसाठी काळा बेसाल्ट दगड आणि मातीचा चिखल वापरीत. भिंतीची जाडी सहसा दोन ते तीन फूट, मोठ्या वाड्यांत त्याहूनही अधिक असे. आतील बाजूस तळखड्यांवर लाकडी खांब उभे करून त्यांवर तुळया व आडव्या कड्या टाकीत. खांबांमधील अंतरास खण म्हणतात. घर किती मोठे हे खोल्यांवरून नव्हे, तर खणांवरून सांगण्याची पद्धत होती. ऐपतदार घरांत सागवान वापरले जाई. नांदेड जिल्ह्यातील किनवटचे जंगल सागासाठी प्रसिद्ध आहे. इतरांचे काम कडुनिंब किंवा बाभळीवर भागे. कड्यांवर फळ्या किंवा काटक्यांचे दाट आच्छादन, त्यावर पाला आणि सर्वांत वर चोपून बसवलेली माती, असे हे छप्पर असते. पावसाचे पाणी पन्हाळीवाटे बाहेर पडते.

अंतर्भाग

दाराला आतून लाकडी आगळ असे. आत शिरताच ढाळज लागते. पाहुण्यांची बैठक आणि गावच्या गप्पा येथे होत. पुढे चौक, त्याभोवती ओसरी आणि त्यामागे माजघर, देवघर व स्वयंपाकघर. खिडक्या थोड्या व लहान असल्याने माजघरात भर दुपारीही अंधार असतो. उजेडासाठी माळवदाला साणे म्हणजे एक लहान झरोका ठेवतात. त्यातून उतरणारा कवडसा दिवसभर जमिनीवर सरकत राहतो आणि चुलीचा धूर त्याच वाटेने बाहेर जातो. पावसात साणे झाकून घेतात.

या घरात सुट्या फर्निचरला फारसे स्थान नव्हते. जाड भिंत हेच त्याचे मुख्य फर्निचर होते. दिव्यासाठी देवळी, वस्तूंसाठी कोनाडे, लाकडी दारे लावलेले फडताळ, पागोटे व पिशव्या अडकवायला खुंट्या, हे सारे भिंतीतच सामावलेले असे. पाण्याचा रांजण, पाट आणि वाकळा ठेवायची घडवंची एवढेच काय ते वेगळे सामान. दूधदुभते शिंक्यावर टांगत. मडक्यांची उतरंड कोपऱ्यात रचलेली असे. तिच्यात डाळी, बियाणे आणि कधीकधी घरातील बाईची गाठीची पुंजीही असे.

धान्याची साठवण हा या अंतर्भागाचा कणा म्हणावा लागेल. ज्वारी कणगीत किंवा जमिनीखालच्या पेवात भरीत. अनेक घरांत भिंतीलगत बळद नावाचे बंदिस्त कोठारही बांधून घेत. दुष्काळ वरचेवर पडणाऱ्या प्रदेशात घराची अर्धी जागा धान्याने व्यापणे स्वाभाविकच होते.

भिंती पांढऱ्या मातीने पोतारणे आणि जमीन शेणाने सारवणे हे काम जवळजवळ पूर्णपणे स्त्रियांकडे होते. दसरा-दिवाळीपूर्वी सारे घर नव्याने पोतारले जाई. वाड्यांच्या वर्णनांत कोरीव गणेशपट्टीचा उल्लेख हटकून येतो, या श्रमाचा क्वचितच.

छपराचे वजन

पावसाळ्यापूर्वी माळवदावर मातीचा नवा थर देण्याची प्रथा होती. जुनी माती काढून टाकण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नसे. गळती थांबे, घर अधिक गार होई. मात्र पिढ्यान्‌पिढ्या थर चढून छप्पर जड होत जाई. मातीचा थर केवळ एक फूट असला, तरी दर चौरस मीटरला सुमारे अर्धा टन भार पडतो. म्हणजे तीन मीटर रुंद व चार मीटर लांब खोलीत निजलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर सुमारे सहा टन माती असे. अनेक घरांत थर एका फुटाहून बराच जाड होता.

१९९३ चा भूकंप

लातूर व धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरील किल्लारी परिसरात पहाटे चारच्या सुमारास ६.२ तीव्रतेचा धक्का बसला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन होऊन लोक नुकतेच झोपले होते. हा प्रदेश तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी भूकंपप्रवण विभागात मोडत होता. हजारो माणसे मृत्युमुखी पडली.

भिंतींची जाडी पाहून त्या भक्कम वाटत. प्रत्यक्षात दगडांचे बाहेरचे व आतले असे दोन स्वतंत्र पदर आणि मधे गोटे-मातीची भर, अशी त्यांची घडण होती. दोन्ही पदरांना जोडणारे लांब दगड बहुधा घातलेलेच नसत. हादऱ्यांनी पदर सुटून भिंती फुगल्या व ढासळल्या. ज्या घरांत कड्या थेट भिंतीवर टेकल्या होत्या, तेथे भिंतीमागोमाग छप्परही आले. उलट काही ठिकाणी भिंती पडूनही लाकडी खांबांचा सांगाडा उभा राहिला. हलक्या छपराच्या झोपड्यांत राहणाऱ्या गरिबांना तुलनेने कमी इजा झाली.

पुनर्वसन व नंतर

जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. सरळ रुंद रस्ते आणि सुटी घरे अशा या मांडणीत ढाळज, चौक वा बळद यांना जागा नव्हती; अनेकांनी पुढे पत्र्याच्या शेड जोडून घेतल्या. घरे पूर्वीपेक्षा सुरक्षित झाली, पण काँक्रीटच्या छपराखाली उन्हाळा अधिक जाणवू लागला. दगडाची भीती मात्र मनात राहिली. कमी नुकसान झालेल्या गावांत जुनी घरे मजबूत करण्याचा पर्यायही होता: माळवदावरील जादा माती उतरवणे, भिंतीत आरपार बंधक घालणे, चारही भिंतींना पट्ट्याने बांधणे आणि खांब-तुळईच्या सांध्याला तिरपे आधार देणे.

सजावटीची शैली म्हणून

ग्रामीण घराचे शहरी सजावटीत रूपांतर अन्यत्रही झालेले आहे. फ्रान्सच्या प्रोव्हांस प्रांतातील दगडी शेतघरे, उघड्या तुळया, चुन्याच्या भिंती व भाजक्या फरशा यांचे अनुकरण जगभर होते. पीटर मेल यांच्या १९८९ मधील ‘अ इयर इन प्रोव्हांस’ या पुस्तकाने त्या प्रदेशाचे आकर्षण वाढवले. मराठवाडी घराच्या वाट्याला असे पुस्तक आले नाही. त्याच्या खुणा हॉटेलांच्या व शेतघरांच्या सजावटीत सुट्या सुट्या दिसतात: एखादे जुने दार, जाते किंवा मोडलेल्या वाड्याचा खांब. देवळ्या, साणे आणि उघड्या कड्या नव्या बांधकामातही ठेवता येतात. त्यासाठी छप्पर हलके आणि भिंत सिमेंटच्या मसाल्यात, आरपार दगड घालून बांधलेली असावी लागते.