कोंबड्या आपल्या, अंगण सर्वांचे

मुलांनो, तुमच्यापैकी काहींच्या घरी कोंबड्या असतील. सकाळी खुराड्याचे दार उघडले, की त्या पंख फडफडवत बाहेर येतात. माती उकरतात, किडे टिपतात, उष्टेखरकटे खातात आणि अंधार पडू लागला, की आपोआप खुराड्याकडे परततात. रत्नागिरी-रायगडच्या खेड्यांत त्या घरामागच्या परसात दिसतात. मालेगाव-भिवंडीच्या दाट वस्तीतही कुणाच्या तरी अंगणात चार-दोन कोंबड्या असतात. कोंबडी पाळायला शेत लागत नाही की मोठे भांडवल लागत नाही. घरातली अंडी मुलांच्या पोटात जातात, उरलेली विकून घरातल्या बाईच्या हाती चार पैसे राहतात.

पण कोंबडीला आपले अंगण कोणते आणि शेजाऱ्याचे कोणते, हे कळत नाही. ते आपल्याला कळते. म्हणून कोंबड्या पाळणाऱ्याला दोन गोष्टी शिकाव्या लागतात. पहिली, कोंबडी कशी सांभाळावी. दुसरी, शेजार कसा सांभाळावा. या पाठात आपण दोन्हींची माहिती घेऊ.

आधी घरात विचार करा, की आपल्याला कोंबड्या किती हव्यात. आपली गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. म्हणजे चार कोंबड्या असतील, तर आठवड्याला सरासरी पाच-सहा अंडी मिळतात. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली ‘गिरिराज’ आणि हैदराबादच्या संशोधन केंद्राने तयार केलेली ‘वनराज’ या जातींच्या कोंबड्या वर्षाला शंभर किंवा त्याहून अधिक अंडी देतात. लहान घराला चार-पाच कोंबड्या पुरेशा आहेत. जागा थोडी आणि कोंबड्या फार, असे झाले की घाण वाढते, रोग वाढतात आणि तक्रारीही वाढतात.

आता एक प्रश्न. कोंबडीने अंडी द्यावीत म्हणून कोंबडा पाळावाच लागतो का? बहुतेक मुले ‘हो’ म्हणतील. पण ते खरे नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते. फक्त त्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत. पिल्ले हवी असतील, तरच कोंबडा लागतो. मग खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवतात आणि २१ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. दाट वस्तीत शेजाऱ्यांची पहिली तक्रार कोंबड्याच्या आरवण्याची असते. कुणी रात्रपाळी करून पहाटे झोपलेला असतो, कुणाच्या घरी तान्हे मूल असते, कुणी आजारी असते.

‘कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. कोंबडे झाकले म्हणून त्याचे आरवणेही पुरते थांबत नाही. २०१३ साली जपानमधील नागोया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला. त्यांनी कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवले. बाहेरची पहाट दिसत नसतानाही ते त्यांच्या ठरलेल्या वेळेलाच आरवले. कोंबड्याच्या शरीरातच जणू एक घड्याळ असते. ते घड्याळ बंद करणे आपल्या हातात नाही. दाट वस्तीत कोंबडा न पाळणे मात्र आपल्या हातात आहे.

दुसरी तक्रार असते वासाची. कोंबडीची विष्ठा ओली राहिली, की तिच्यातून अमोनिया नावाचा वायू निघतो. तोच तो उग्र वास. या वासाने शेजारी नाक मुरडतात, पण सर्वांत जास्त त्रास होतो खुराड्यातल्या कोंबड्यांना. त्यांचे डोळे चुरचुरतात आणि श्वासाचे रोग होतात. उपाय सोपा आहे. खुराडे कोरडे ठेवावे. ते जमिनीपासून दोन फूट उंच असावे. एका कोंबडीला रात्री बसायला दीड-दोन चौरस फूट जागा मिळावी. खाली भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा दोन-तीन इंच जाडीचा पसरावा आणि तो अधूनमधून वरखाली करावा. ओला झालेला भुसा लगेच काढून टाकावा. खुराड्याचे छप्पर असे उतरते ठेवावे, की पावसाचे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर पडणार नाही. पावसाळ्याचे चार महिने याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

वासाबरोबर माश्याही येतात. उबदार हवेत माशीच्या अंड्यापासून नवी माशी तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून दोनदा विष्ठा काढली, तर अळीची माशी होण्याआधीच ती निघून जाते. ही विष्ठा गटारात टाकू नये. एका खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर टाकून मातीने झाकावी. काही महिन्यांत तिचे उत्तम खत होते. ताजी विष्ठा मात्र झाडाला घालू नये. ती फार तीव्र असते. तिने मुळे जळतात.

तिसरी गोष्ट उंदरांची. अंगणात धान्य सांडलेले असले, की उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे साप येतात. उंदीर आपल्या घरी जेवतो आणि शेजाऱ्याच्या घरी बीळ करतो. म्हणून कोंबड्या पंधरा-वीस मिनिटांत खाऊन संपवतील, एवढेच दाणे एका वेळी टाकावेत. संध्याकाळी उरलेले उचलावे. भाकरीचे तुकडे, भात, भाजीची देठे कोंबड्या आवडीने खातात. बुरशी आलेले अन्न त्यांना देऊ नये. अंड्याचे कवच पक्के व्हावे म्हणून शिंपल्यांचा चुरा द्यावा. रात्री खुराड्याचे दार नीट लावावे, म्हणजे मुंगूस, बोका, कुत्रा यांचे भय राहत नाही आणि मध्यरात्री वस्तीत गोंधळ होत नाही.

चौथी तक्रार सर्वांत नाजूक असते. उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघरी वाळवण घालतात. पापड, कुरडया, मिरच्या, सांडगे खाटेवर किंवा जुन्या साडीवर पसरलेले असतात. त्यामागे बायकांची पहाटेपासूनची मेहनत असते. कोंबडी त्यावर चढली, तर पाच मिनिटांत ती मेहनत वाया जाते. नुकतीच पेरलेली मेथी-कोथिंबीर तर ती क्षणात उकरून टाकते. यासाठी कोंबड्या दिवसभर मोकळ्या सोडू नयेत. जाळी लावून त्यांना फिरायला जागा करावी आणि सूर्य मावळण्याच्या दोन तास आधी बाहेर सोडावे. त्या वेळी त्या फार लांब जात नाहीत आणि अंधार पडताच परततात. नवी कोंबडी आणली, तर आठवडाभर खुराड्यातच ठेवावी, म्हणजे तिला आपले घर कळते. भिंतीवरून उडणाऱ्या कोंबडीच्या एकाच पंखाची लांब पिसे कापावीत. नखे कापताना जसे दुखत नाही, तसे पूर्ण वाढलेली पिसे कापताना तिला दुखत नाही. तोल न साधल्यामुळे ती उडू शकत नाही. पुढे जुनी पिसे गळून नवी येतात.

इतके करूनही एखाद्या दिवशी चूक होतेच. समजा, शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, “तुमच्या कोंबडीने माझी मेथी उकरली.” तुम्ही काय म्हणाल? “काकू, कोंबडीला काय कळते?” असे म्हटले, तर भांडण सुरू होईल. त्याऐवजी म्हणावे, “काकू, कोंबडी आमचीच होती. आज संध्याकाळी आम्ही वाफा नीट करून बी पेरून देतो आणि आमची जाळीही दुरुस्त करतो.” नुकसान आठ-दहा रुपयांचे असेल. पण तेवढ्यासाठी दोन घरांचे बोलणे वर्षभर बंद झालेले आपण पाहतो.

याहून चांगले म्हणजे, कोंबड्या आणण्याआधीच शेजाऱ्यांना विचारावे. “आम्ही चार कोंबड्या पाळणार आहोत. कोंबडा ठेवणार नाही. काही त्रास झाला तर लगेच सांगा.” एवढे तीन वाक्यांचे बोलणे पुरते. शहरात राहत असाल, तर महानगरपालिकेचे आणि सोसायटीचे नियमही आधी विचारून घ्यावेत. काही शेजारी मांसाहार करत नाहीत. त्यांच्या दारासमोर पिसे किंवा आतडी पडू देऊ नयेत. अंडी खाणाऱ्या शेजाऱ्याला कधी चार अंडी द्यावीत. जे अंडी खात नाहीत, त्यांना विचारून मोगऱ्याच्या कुंडीसाठी तयार खत द्यावे.

कोंबड्यांचे रोगही कुंपण पाळत नाहीत. मानमोडी हा त्यांचा मोठा रोग. उत्तराखंडातील राणीखेत या गावावरून त्याला राणीखेत रोगही म्हणतात. कोंबडी हिरवी हगवण करते, धापा टाकते, तिची मान पिळवटते. हा रोग झाल्यावर औषध नाही. आधी लस टोचून घेणे हाच उपाय आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना पहिल्या लसीचा थेंब त्याच्या डोळ्यात किंवा नाकात टाकतात. पुढच्या लसींच्या तारखा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचाराव्यात. वस्तीतल्या सर्वांनी एकाच दिवशी लस दिली, तर अधिक उपयोग होतो.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतात प्रथमच बर्ड फ्लूची साथ आढळली. साथ पसरू नये म्हणून त्या परिसरातील लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. त्यांत मोठ्या कुक्कुटपालकांच्या कोंबड्या होत्या, तशा घरोघरच्या चार-दोन कोंबड्याही होत्या. एका खुराड्यातला रोग सगळ्या गावाचा कसा होतो, हे तेव्हा महाराष्ट्राने पाहिले. म्हणून एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या, तर ते लपवू नये. मेलेल्या कोंबड्यांना उघड्या हाताने शिवू नये आणि दवाखान्याला लगेच कळवावे.

मुलांनो, उर्दूत शेजाऱ्याला ‘हमसाया’ म्हणतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. एकाच सावलीत राहणारा तो हमसाया. मराठीत त्याच्याशी नीट वागण्याला ‘शेजारधर्म’ म्हणतात. आता या पाठातल्या गोष्टी पुन्हा आठवून पाहा. कोरडे खुराडे, बंद दार, मोजके दाणे, वेळेवर लस. यातली प्रत्येक गोष्ट शेजाऱ्याच्या सुखाची आहे आणि आपल्या कोंबडीच्याही सुखाची आहे. तुमच्या घरी कोंबड्या असतील, तर आज संध्याकाळी खुराड्याजवळ उभे राहून पाहा. वास येतो का? दाणे सांडले आहेत का? मग शेजारच्या घरी जा आणि विचारा, “आमच्या कोंबड्यांचा तुम्हांला काही त्रास होतो का?” उत्तर शांतपणे ऐका आणि घरी येऊन सांगा.