शिरूरचं पान, देवनागरी पत्ता

पहिलं वेबपान करायला नोटपॅड पुरतं. एचटीएमएलच्या खुणांमध्ये मजकूर लिहा आणि फाइलला ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ नाव द्या. सर्व्हर बहुधा हेच नाव आधी शोधतो. मराठीसाठी सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा आणि तसं पानाच्या शिरोभागात नोंदवा, नाहीतर ‘घोडनदी’च्या जागी भलतीच चिन्हं उमटतात.

मग फाइल होस्टिंगवर चढवायची. गिटहब पेजेसवर ही सोय मोफत आहे.

स्वतःचा पत्ता हवा? २०१४पासून ‘डॉट भारत’ देवनागरीत मिळतो. शिरूरच्या दुकानदारांनी, बचत गटांनी तो जरूर घ्यावा. पाटी मराठीत, तर पत्ताही मराठीत शोभतो. मुदत संपण्याआधी नूतनीकरण मात्र करावं लागतं.